‘नैसर्गिक’ म्हणून चुनखडी विकली : मुरबाड-शहापूरच्या ओपन (कंपनीच्या कराराविना कोंबड्या पाळणाऱ्या) पोल्ट्रीवाल्यांनी वाचा

पन्नास हजार पाचशे रुपये गेले. कोंबड्यांना अँटिबायोटिकऐवजी द्यायच्या ‘नैसर्गिक’ पावडरचे ४२,००० (१०० किलो, ४२० रुपये किलोने) आणि ‘अँटिबायोटिकमुक्त’ नोंदणीचे ८,५००. तयार पक्षी किलोमागे १५ रुपये जादा देऊन पावडर विकणारेच उचलणार, अशी बोली. आगाऊ पैसे घेतले, फोन बंद. पुढचं काय सांगायचं! तुर्भ्याच्या गोदामाचा पत्ता दिला होता, तिथे टायरचं दुकान निघालं.

गोणी उघडली त्याच क्षणी कळायला हवं होतं. नमुन्याच्या पुडीला ओव्याचा झणका होता. तो खराच, कारण ओव्यातलं थायमॉल असल्या वनस्पतिजन्य मिश्रणात असतंच. गोणीतली पूड मात्र फिकट पिवळी, वास शून्य. विचारलं तर म्हणे, “कोटिंग आहे, वास आत राहतो.” कोटिंगचा माल बाजारात खरंच मिळतो, म्हणून पटलं. कुणालाही पटलं असतं. लेबलवर सेंद्रिय आम्ल छापलेलं. चमचाभर पुडीवर लिंबू तेव्हाच पिळायला हवं होतं. नंतर पिळलं, तर फसफसून फेस आला. थोडी चुनखडी वाहक म्हणून चालते, मान्य. पण मोकळं, बिनकोटिंगचं आम्ल असेल तर पाण्याचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा) उतरलाच पाहिजे. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम टाकली, पीएच मोजायच्या पट्टीचा रंग हलला नाही. दहा रुपयांची पट्टी आधी वापरा, पैसे नंतर द्या.

खरा घात पुढे झाला. “कॉक्सीवरही (आतड्यातल्या परजीवीचा रोग) हेच चालतं,” म्हणाले, म्हणून खाद्यातलं कॉक्सीचं औषध सॅलिनोमायसिन बंद केलं (१२ टक्क्यांची पूड, टनभर खाद्याला ५०० ग्रॅम). जुलैचा पाऊस, शेडमध्ये अंथरलेलं तूस मुठीत दाबलं की गोळा होत होतं. २२व्या दिवशी तुसावर रक्ताची हगवण. मेलेला पक्षी चिरला तर आंधळं आतडं रक्ताने तट्ट फुगलेलं. कॉक्सीवरचं टोल्ट्राझ्युरिल अडीच टक्क्यांचं, लिटरभर पाण्याला १ मिली, दोन दिवस दिलं. तरी ३,००० पैकी ४१२ गेले, आणि ४२व्या दिवशी सरासरी वजन जेमतेम १ किलो ६८०.

आम्ल, ओवा, ओरेगॅनो, प्रोबायोटिक यांचा उपयोग आहे, पण तो मुख्यतः आतड्यातल्या जिवाणूंवर. कॉक्सीचं औषध त्यांच्या भरवशावर काढू नका. प्रोबायोटिकवर जिवाणूची जात आणि ग्रॅममागे सीएफयू (जिवंत जिवाणूंची संख्या) छापलेला नसेल तर घेऊच नका. क्लोरीनच्या पाण्यातून तर मुळीच देऊ नका, जिवाणूच मरतात.

तक्रारीचं तर विचारूच नका. एक कार्यालय म्हणतं हे औषध नाही, खाद्य आहे. दुसरं म्हणतं खाद्य नाही, पूरक आहे. पोलीस ठाण्यात ऐकवलं, “पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना? दिवाणी मामला आहे.” तपासणी स्वखर्चाने करा, आणि अहवाल आणला की “हा नमुना आम्ही घेतलेला नाही”. चार फेऱ्या, चार टेबलं, पोचपावती एकही नाही. २०१९ मध्ये कोंबड्यांसाठीच्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, ती योग्यच होती. पण त्याच्या जागी ‘नैसर्गिक’ म्हणून जे विकलं जातंय ते तपासायचं कुणी? मेलेल्या पक्ष्यांचे फोटो दाखवले, तर साहेबांनी मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही.

उरलेल्या तीन गोण्या शिवलेल्याच ठेवल्या आहेत. बॅच नंबर एकीवरही नाही.