लॉगबॅक की लॉगफोरजे २? फरक कळतो तो कॉन्फिगरेशन चुकल्यावर

गोव्यात पाट्टोवर किंवा पर्वरीत दोन-तीन जणांची टीम हॉटेल बुकिंगचं जावा अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट या वेब सर्व्हरवर सांभाळत असेल, तर लॉगिंगची (प्रोग्रॅम काय करतोय याच्या नोंदी लिहिणारी) लायब्ररी वेगावरून निवडू नका. लॉगबॅक आणि लॉगफोरजे २ दोन्ही तेवढ्या कामाला पुरून उरतात. कॉन्फिगरेशन बिघडलं की दोघं कसे वागतात, ते आधी पाहा. डिसेंबरच्या गर्दीत रात्री अकराला प्रश्न तोच उभा राहतो.

कॉन्फिगरेशनची फाइल सापडली नाही, तर लॉगबॅक डीबग, म्हणजे बारीकसारीक तपशिलाच्या, पातळीपासून सगळं कन्सोलवर ओततं. लॉगफोरजे २ मात्र एरर तेवढी लिहितं, तीही कन्सोलवरच. म्हणजे टॉमकॅटचं कन्सोल जिथे जमा होतं ती कॅटालिना.आउट फाइल अचानक हायबरनेट या डेटाबेसच्या लायब्ररीच्या डीबग ओळींनी फुगू लागली, तर लॉगबॅकला फाइल मिळालेली नाही असं समजा. इन्फोची, म्हणजे नेहमीच्या माहितीची, एकही ओळ येत नसेल, तर लॉगफोरजे २ कडे संशयाने पाहा. पहिली चूक पाच मिनिटांत डोळ्यांत भरते. दुसरी आठवडाभरही कोणाला कळत नाही, कारण लॉग शांत असला की सगळं सुरळीत आहे असंच वाटतं. छोट्या टीमने लॉगबॅक घ्यावं असं आम्ही सांगतो, ते मुख्यतः याच कारणासाठी. (स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क स्वतःची इन्फो पातळी लावतं, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही.)

शोध घेण्याची सोय दोन्हीकडे आहे. लॉगबॅकच्या कॉन्फिगरेशन टॅगवर डीबग ट्रू करण्याचा सल्ला सगळे देतात, पण फाइलच वाचली जात नसेल तर त्याचा काय उपयोग? अशा वेळी लॉगबॅक.स्टेटसलिसनरक्लास ही सिस्टम प्रॉपर्टी देऊन तिथे ऑनकन्सोलस्टेटसलिसनर या क्लासचं पूर्ण नाव लिहा. लॉगफोरजे २ मध्ये लॉगफोरजे२.डीबग ट्रू केलं की पुरतं. हे काम लॉगफोरजे २ मध्ये सोपं आहे, हे मान्य करायला हवं. दोन्ही प्रॉपर्टी टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधल्या सेटएन्व्ह.एसएच मध्ये, कॅटालिना ऑप्ट्समध्ये घाला. टॉमकॅटसोबत ही फाइल येत नाही, आपणच तयार करायची.

वेळ सगळ्यात जास्त जातो तो जारच्या, म्हणजे जावा लायब्ररींच्या फाइलींच्या, गोंधळात. एसएलएफफोरजे हा आपला कोड आणि लॉगिंगची लायब्ररी यांच्यातला दुवा. त्याची १.७ मालिका आणि २.० मालिका आपल्याखालची लायब्ररी वेगवेगळ्या पद्धतीने शोधतात. लॉगबॅक १.२ चालतं १.७ बरोबर, तर १.३ आणि पुढच्यांना २.० लागतं. लॉगफोरजेकडे १.७ साठी लॉगफोरजे-एसएलएफफोरजे-इम्प्ल आणि २.० साठी लॉगफोरजे-एसएलएफफोरजे२-इम्प्ल आहे. नावात फरक एका आकड्याचा. जोडी चुकली की सुरुवातीला प्रोव्हायडर सापडला नाही अशी इशारावजा ओळ येते आणि त्यानंतर एसएलएफफोरजेमधून जाणारा एकही लॉग उमटत नाही. म्हणून मेव्हन या बिल्ड टूलचा डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणती ओढते ते) पाहाच, पण सर्व्हरवर वेब-इन्फच्या लिब फोल्डरमध्ये प्रत्यक्ष काय पडलंय तेही पाहा. फाइली हाताने कॉपी केल्या असतील तर जुने जार तिथेच राहिलेले असतात. स्प्रिंग बूटमध्ये लॉगफोरजे २ हवं असेल, तर स्टार्टर-लॉगिंग हे त्याचं ठरलेलं लॉगबॅकचं पॅकेज आधी एक्सक्लूड करा. नाहीतर त्यातला लॉगफोरजे-टू-एसएलएफफोरजे हा पूल उलट्या दिशेने जोडला जातो आणि दोन जार एकमेकांकडेच बोट दाखवत बसतात.

फोल्डरला ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळी मुभा) देऊनही फाइल तयार होत नसेल, तर लायब्ररीला दोष देऊ नका. डेबियन किंवा उबुंटूच्या टॉमकॅट ९ पॅकेजमध्ये सिस्टमडी (सर्व्हिस चालवणारी लिनक्सची यंत्रणा) ठरवून दिलेल्या फोल्डरांबाहेरची फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती ठेवतं. सिस्टमसीटीएल एडिटने सर्व्हिस विभागात रीडराइटपाथ्सपुढे आपलं फोल्डर लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

जुन्या फाइली काढण्याच्या बाबतीत लॉगबॅक सरळ आहे. मॅक्सहिस्टरी (किती दिवसांच्या फाइली ठेवायच्या) ३०, टोटलसाइझकॅप (सगळ्यांचा मिळून आकार) दोन-तीन जीबी, झालं. फक्त मॅक्सहिस्टरी दिलीच नाही तर काहीच पुसलं जात नाही. लॉगफोरजे २ मध्ये डिफॉल्टरोलओव्हरस्ट्रॅटेजीचा (फाइल बदलण्याच्या ठरलेल्या नियमाचा) मॅक्स ७ असतो, आणि त्यावरून सात दिवसांच्याच फाइली राहतील असा समज होतो. तो आकडा एकाच तारखेच्या क्रमांकित फाइलींना लागू होतो, तारखांना नाही. गणेश चवथीच्या सुट्टीत ऑफिस बंद असताना डिस्क भरते ती यामुळेही. वेगळी डिलीट अ‍ॅक्शन लिहा, त्यात फाइलच्या नावाची अट आणि ३० दिवसांची अट दोन्ही घाला.

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर फाइल बदलते आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला. हॉटेलचं नाइट ऑडिट (दिवसाचा हिशेब मिटवणं) मध्यरात्रीनंतर चालतं, त्याच्या ओळी आदल्या दिवसाच्या फाइलमध्ये शोधाव्या लागतात. लॉगबॅकमध्ये फाइलनेमपॅटर्नच्या तारखेतच एशिया/कोलकाता लिहिता येतं. जेव्हीएमलाच (जावा चालवणाऱ्या यंत्रणेलाच) युजर.टाइमझोन देणं हा दुसरा मार्ग, पण त्याने डेटाबेसमधल्या वेळा सरकत नाहीत ना, हे आधी तपासा.

लॉगफोरजे २ खरोखर हवं, तेव्हा कारण लोडचं असतं. लॉगबॅकच्या असिंकअ‍ॅपेंडरची (ओळी आधी रांगेत ठेवून मागाहून लिहिणाऱ्या भागाची) रांग मुळात २५६ ओळींची. ती ८० टक्के भरली की ट्रेस, डीबग आणि इन्फोच्या ओळी टाकून दिल्या जातात, आणि बुकिंग झालं पण लॉगमध्ये नाही अशी तक्रार येते. डिस्कार्डिंगथ्रेशोल्ड शून्य केलं की ओळी वाचतात, पण रांग पूर्ण भरल्यावर थ्रेड थांबून राहतात. डिसरप्टर या वेगवान रांगेच्या लायब्ररीवर चालणारे लॉगफोरजे २ चे असिंक लॉगर हा भार जास्त चांगला पेलतात. तेच घ्यायचं तर डिसेंबर २०२१ ची सीव्हीई-२०२१-४४२२८ ही लॉगफोरजे २ मधली सुरक्षा त्रुटी लक्षात ठेवून जावा ८ वर किमान २.१७.१ वापरा. टॉमकॅट १० वर लॉगफोरजे-वेबऐवजी लॉगफोरजे-जकार्ता-वेब लागतं. लॉगबॅकला त्या त्रुटीची बाधा नव्हती, पण १.२.९ च्या आधीचं तेही ठेवू नका.

टॉमकॅटचं स्वतःचं लॉगिंग दोन्हींपैकी कशानेही बदलू नका. लिसनर (आपलं काम सुरू होताना टॉमकॅट चालवतं तो कोड) सुरूच झाला नाही असं कॅटालिनाच्या लॉगमध्ये दिसलं, तर खरं कारण त्याच दिवसाच्या लोकलहोस्टच्या फाइलमध्ये असतं.

निर्णयाआधी जून-जुलैत, बुकिंग मंद असताना, चाचणीच्या सर्व्हरवर दोन्ही लावून कॉन्फिगरेशनच्या फाइलचं नाव मुद्दाम बदला आणि टॉमकॅट रीस्टार्ट करा. चूक कोणत्या लायब्ररीत तुमच्या टीमला लवकर सापडते, ते घड्याळ लावून पाहा.