यमराजासोबत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर फोटोवॉक, जाच एकदा

सकाळचा स्ट्रीट फोटोग्राफी वर्कशॉप केला, नेहमीच्या फोटोवॉकपेक्षा खूप वेगळा. दोन मॉडेल, एक वासुदेव अन एक यमराज, आणि कॅमेरा त्यांच्यावर नाही तर बघणाऱ्यांवर धरायचा. हीच आयडिया मला जाम आवडली. तुळशीबागेत बायका घासाघीस अर्धी सोडून वळून बघत होत्या, वासुदेव दिसल्यावर एका आजींनी पर्समधून सुट्टे पैसे काढले तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे, आणि अलका चौकात सिग्नलला यमराज उभा राहिला तेव्हा हेल्मेट हातात अडकवलेल्या पोराने गुपचूप डोक्यात घातलं!

शिकवणारे दादा भारी आहेत, सगळं करून दाखवतात. ३५ एमएम लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, फोकस ३ मीटरवर लॉक, म्हणजे फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं शार्प येतं, ऑटोफोकसची वाट बघायची गरजच नाही कारण आश्चर्य चेहऱ्यावर जेमतेम सेकंदभर टिकतं, नंतर लोक मोबाईल काढतात आणि मग सगळे फोटो सारखेच. शटर स्पीड १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) ऑटो. फोटो काढल्यावर समोरच्याला दाखवायचा, नको म्हणाला तर तिथेच डिलीट, हा नियम त्यांनी कडक पाळला, मला फार पटलं ते.

एकच तक्रार, बॅच मोठी होती, बोळात एकमेकांच्या फ्रेममध्ये येत होतो. कमी लोक घ्या प्लीज. आणि रविवारी नका ठेवू, वर्किंग डेला गर्दी खरी असते.