पापलेट चालतं, मग तितर का नाही?

रानातलं तितर मारून विकलं तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे पापलेटचा लिलाव होतो, तो मात्र धंदा. खरं तर दोघंही रानटीच. कुणी पाळले नाहीत, कुणी दाणापाणी घातलं नाही.

बाजारासाठी शिकार केली की काय होतं, ते अमेरिकेतल्या पॅसेंजर कबुतरांचं झालं. आकाश झाकणारे थवे होते त्यांचे. मारलेली कबुतरं पिंपं भरभरून रेल्वेने शहरांत गेली आणि 1914 साली शेवटचं कबूतर पिंजऱ्यात मेलं.

मासे अंडी लाखांनी घालतात, हा फरक मान्य. पण डॉकवर ट्रॉलरचा माल उतरतो तेव्हा नीट बघा: टोपलीच्या तळाशी बोटभर पिल्लं, चिरडलेली, डोळे बाहेर आलेली. त्यातली बरीचशी ताटात येतच नाहीत, सुकवून कोंबडीखाद्यात जातात. शिकाऱ्याला निदान समोर काय आहे ते दिसतं. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडून सापडेल ते उचलतं. मला हे शिकारीपेक्षा वाईट वाटतं.

छोट्या होडीतून गळ टाकणाऱ्या कोळ्याला मात्र मी या रांगेत बसवणार नाही. सरसकट मासेमारीबंदीही नको. बारीक आसाची, म्हणजे छोट्या भोकांची जाळी आधी बंद व्हावीत, आणि पिल्लं विकायला आली तर आपण ती घेऊ नयेत.