मैदानी स्पर्धांची जुनी रजिस्टरं बांधून घेतली: राम आळीमागचं बाइंडिंगचं दुकान, रत्नागिरी

आमच्या कॉलेजच्या वार्षिक मैदानी स्पर्धांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जिमखान्याच्या कपाटातून तीन रजिस्टरं निघाली. ओल्या भिंतीला टेकून कित्येक पावसाळे काढलेली, कसर लागलेली, पाठ सुटलेली. एका ठिकाणी मला "झेरॉक्स काढून घ्या आणि हे टाका" असं सांगितलं. फार वाईट वाटलं. मग राम आळीच्या मागच्या बाजूला एका काकांचं हे छोटं दुकान मिळालं.

काकांनी आधी शाई बघितली. ओला कापूस कोपऱ्यातल्या एका अक्षराला टेकवला, तर निळी शाई लगेच फुटली. म्हणाले, "ताई, अक्षरावर खळ लावायची नाय." फाटलेल्या पानांना फक्त कोऱ्या कडेने पातळ कागदाची पट्टी दिली. खळीत मोरचूद घालतात, म्हणजे पुन्हा कसर लागत नाही.

पहिल्या रजिस्टरातली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. बांबूच्या पातळ पट्टीने त्यांनी ती अर्ध्या तासात सुटी केली, आणि आत मथळा निघाला: '१०० यार्ड'. त्याखाली लिहिलेली वेळच पुढच्या रजिस्टरात कुणीतरी '१०० मीटर'चा विक्रम म्हणून उतरवून ठेवली होती! १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. इतकी वर्षं मुलं जीव तोडून धावली आणि तो विक्रम मोडला नाही, त्याचं कारण हे.

बांधणीनंतर कडा मशीनवर छाटायची पद्धत असते. ती मी करू दिली नाही. समासात पेन्सिलीने तीन-तीन आकडे आहेत, तीन घड्याळांच्या वेळा. तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरायची हा नियम, त्यामुळे रकान्यात तेवढीच एक असते. पहिल्या रजिस्टरात मुलींच्या शर्यती २०० च्या पुढे जात नाहीत. ऑलिंपिकमध्येही बायकांची ८०० मीटर १९२८ नंतर थेट १९६० साली परत आली. आमच्याकडे ती दुसऱ्या रजिस्टरात येते. चार नावं आहेत, पहिलं माझ्या आईचं, माहेरच्या आडनावाने. समासात २:५८.४, २:५८.६, २:५९.०. काकांनी ते पान मला दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि छाटणीचं नाव काढलं नाही.

जुजबांधणी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी, पक्की आहे, रजिस्टर पूर्ण सपाट उघडतं. तिन्हीचे १,३५० रुपये झाले, रोखच द्यावे लागतात. दहा दिवस सांगून तेवीस लावले; पावसात खळ वाळत नाही हे खरं, पण तसं आधी सांगायला हवं होतं. तिसऱ्यात गोळाफेक आणि थाळीफेकीची पानं मागेपुढे झाली आहेत. पुन्हा उसवून कागदाला त्रास नको म्हणून मी तशीच राहू दिली. तुम्ही काही देणार असाल तर आधी घरी पेन्सिलीने पानांना आकडे घाला. आणि गणपतीच्या आधी जाऊ नका, तेव्हा दुकान पावतीपुस्तकांनी भरलेलं असतं.