बेलिफाच्या घरी व्हिडिओ डोअरफोन : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

माझे यजमान बडोद्यात न्यायालयाचे बेलिफ आहेत. समन्स बजावणे, जप्ती करणे, हुकूमनाम्याप्रमाणे जागेचा ताबा देववणे ही त्यांची कामे. गेल्या पावसाळ्यात एका दुकानाचा ताबा दिल्यानंतर दोन माणसे रात्री दांडिया बाजारातील आमच्या घरी येऊन धमकावून गेली. तक्रार दिली, पण पुरावा म्हणून दाखवायला हाती काहीच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये न्यायालयांच्या आवारासाठी सुरक्षा आराखडा आणि सीसीटीव्हीचे निर्देश दिले, ते योग्यच झाले; परंतु न्यायाधीशांपर्यंत पोचू न शकलेला राग दारात कागद घेऊन उभ्या राहणाऱ्या बेलिफावर निघतो आणि त्याच्यामागोमाग घरापर्यंत येतो.

म्हणून रावपुऱ्यातील एका दुकानातून हा डोअरफोन घेतला. बसवणुकीसह साडेअकरा हजार रुपये पडले. सात इंची पडदा स्वयंपाकघरात लावल्यामुळे सासूबाईंना दार न उघडता समोरचा माणूस दिसतो व त्याच्याशी बोलता येते. रात्री सुमारे दहा फुटांपर्यंत चेहरा ओळखू येतो, त्यापलीकडे केवळ आकृती दिसते. मोबाइलवरचे चित्र काही सेकंद मागे असते.

खरी उणीव चित्रणाच्या बाबतीत आढळली. यंत्रातील घड्याळ वीस मिनिटे पुढे होते आणि मेमरी कार्ड भरले की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, हे दुकानदाराने सांगितले नव्हते. धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंद यांना 28 जुलै 2021 रोजी सकाळी फिरताना रिक्षाने उडवले, तेव्हा रिकाम्या रस्त्यावर रिक्षा मुद्दाम त्यांच्याकडे वळल्याचे सीसीटीव्हीत दिसल्यामुळेच तो साधा अपघात नसल्याचे उघड झाले. पुढे दोघांना जन्मठेप झाली. चित्रणाचे मोल एवढे असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा चुकलेल्या घड्याळावर विरुद्ध पक्षाचा वकील बोट ठेवणारच. तक्रार करताच दुकानातील मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन वेळ दुरुस्त केली आणि पैसे घेतले नाहीत, याचे समाधान वाटले. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी मात्र वेगळी विकत घ्यावी लागली; ती सोबत घेतल्याशिवाय हे यंत्र बसवू नये.

हा खर्च बेलिफाने पगारातून का करावा, हे मला अजून पटलेले नाही.

मे महिन्यात त्या दोघांपैकी एक पुन्हा आला. सासूबाईंनी आतूनच विचारले, “कोण हवंय?” त्याने कॅमेऱ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो जिना उतरला. त्या एकोणीस सेकंदांचे चित्रण असलेले कार्ड आम्ही काढून जपून ठेवले आणि यंत्रात नवे घातले.