बिननेढ्याची सुई: ड्राय नीडलिंगच्या चार खेपा

सव्वीस वर्षं शिलाई मशीनवर बसतेय. बोटात सुई घुसणं मला नवीन नाही, तरी फिजिओथेरपिस्टबाई "सुई घालून बघू या" म्हणाल्या तेव्हा पोटात गोळा आलाच. म्हटलं, आधी सुई दाखवा. बाईंना हसू आलं, पण दाखवली. मशीनची चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड असते. ही ०.३०, म्हणजे तिच्या एक तृतीयांश. नेढं नाही आणि आतून भरीव, त्यामुळे औषध जायला वाटच नाही. ड्राय म्हणतात ते म्हणूनच. पाकीट माझ्यासमोर फोडलं आणि वापरलेली सुई लगेच वेगळ्या डब्यात टाकली. याचे पूर्ण गुण.

माझी दुखणी दोन, असं मी धरून चालले होते. एक उजवा खांदा, जो संध्याकाळपर्यंत लाकडासारखा होतो, आणि दुसरं उजव्या कानशिलातली ठणक. दुसऱ्यासाठी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलून झाला होता. बाईंनी मान आणि खांद्याच्या मधला मांसल भाग चिमटीत धरून दाबला आणि कळ उठली ती थेट कानशिलात! तीच, ओळखीची. ट्रॅपेझियस नावाच्या या स्नायूत एक ताठ दोरी होते आणि त्या दोरीत एक हळवा ठिपका असतो, तो ट्रिगर पॉइंट. मूळ एकीकडे, ठणका दुसरीकडे. कुठला ठिपका कुठे दुखवतो याचे नकाशे जॅनेट ट्रॅव्हल या अमेरिकन डॉक्टरबाईंनी काढले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या त्या डॉक्टर. त्या ठिपक्यात औषध टोचत. पुढे १९७९ मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी मांडलं, की आराम पडतो त्यात सुईचा स्वतःचा वाटा मोठा आहे. अ‍ॅक्युपंक्चरची सुईही अशीच बारीक, पण तिथे ठिकाणं पारंपरिक हिशेबाने ठरतात. इथे बोटाने स्नायू चाचपून.

दुखतं का? कातडीतून जाताना जवळजवळ नाही. ठिपका सापडला की मात्र स्नायू आतल्या आत एकदम उडतो. डोळ्याची पापणी फडफडते तसं, पण खांद्यात आणि दहापट जोरात. मी "आई गं" ओरडले, तर बाई खूश! हे फडफडणं म्हणजे सुई नेमकी लागल्याची खूण म्हणे. मग त्या सुई किंचित मागे घेऊन परत सारतात. तीन-चार वेळा उडून स्नायू दमतो आणि गप्प होतो. एकूण पाच मिनिटांचं काम.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्यांनी स्नायू चिमटीत वर उचलून धरला आणि सुई चिमटीतल्या मांसातच फिरवली. का, ते मी विचारलं. खाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई तिथवर गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते. क्वचित होतं, पण होतं. तेव्हा ज्याने याचं रीतसर शिक्षण घेतलंय त्याच्याचकडे जा.

आता तक्रार. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हा प्रश्न मला टेबलावर पालथी झोपल्यावर विचारला. चालू नव्हत्या, पण हे दारातच विचारायला हवं. आणि नंतर खांदा ठणकतो हे सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी हात वर जाईना, निळा डाग उमटला, दोन दिवस कात्री हातात धरवली नाही. द्यायचे कपडे रखडले ते वेगळंच. फोन केला तर म्हणाल्या, "एक-दोन दिवस असं होतंच." मग आधी सांगा की बाई! दुसऱ्या खेपेपासून मी काम नसलेला दिवस निवडला.

गुण आला का, तर मी टेपने मोजलंय. मान उजवीकडे पूर्ण वळवून हनुवटी ते खांद्याचं टोक: पहिल्या दिवशी साडेसहा इंच. सुई काढल्या काढल्या साडेपाच. चार दिवसांनी परत सव्वासहा, तेव्हा मी चिडले होते. बाईंनी मग माझी बसायची पद्धत विचारली. मशीनचं टेबल उंच, म्हणून उजवा खांदा दिवसभर उचललेला. खुर्ची दोन इंच वर केली, पायाखाली पाट घेतला, आणि त्यांनी दिलेले मानेचे व्यायाम, कंटाळवाणे आहेत, तरी करतेय. चौथ्या खेपेनंतर पाच इंच. डावी बाजू साडेचार आहे. कानशिलातली ठणक पंधरा दिवसांत एकदाच आली. यातलं सुईचं किती आणि खुर्चीचं किती, हे मला सुटं करता येत नाही. नुसत्या सुईवर मात्र चार दिवसच निघाले होते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला तो त्या न सांगितलेल्या दोन दिवसांचा, आणि एक गुण कापला तो सुई काढल्यावर चारच दिवसांत मागे गेलेल्या मापाचा. पाचवी वेळ घेतलेली नाही. दर रविवारी टेप लावते. सहाच्या वर गेलं तर जाईन.