प्रवास आणि बॅकअप: नवा मॅकबुक एअर की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातला जुना थिंकपॅड लॅपटॉप?

विरार लोकलमध्ये खांद्यावर बॅग घेऊन उभं राहायचं असेल तर आधी वजन बघा. १३ इंची एअर साधारण सव्वा किलोचा, पंखा नाही, ३० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर भागतं. रॅम मात्र नंतर वाढत नाही. १६ जीबीच घ्या.

थिंकपॅड टी४८० दीड किलोच्या वर. पण रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी बदलता येते, आणि आत दुसरी बॅटरी असल्याने मागची बॅटरी मशीन चालू असतानाच काढता येते. प्रोसेसर सहसा इंटेलच्या आठव्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ चालतं. स्वस्तातला टी४७० टाळाच: त्याचा प्रोसेसर त्याआधीच्या पिढीचा, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

जुना थिंकपॅड दुकानातच सुरू होताना एफ१ दाबा. बायोसने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगने) पासवर्ड मागितला तर मशीन परत ठेवा. आधी तो ज्या कंपनीत वापरात होता तिचं कुलूप सहज निघत नाही. मग विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट (बॅटरी किती झिजली ते दाखवणारा) काढा, टाइप-सी पिन हलवून चार्जिंग तुटतं का बघा.

सतत फिरतीवर असाल तर एअरच. नुसता बॅकअप हवा तर टी४८० पुरेसा, फक्त महिन्यातून एकदा चार्ज करून अपडेट चढवा, नाहीतर ऐन मीटिंगच्या वेळी तो अपडेटच करत बसेल.